जो आधी जाईल, त्याचं नाव

मास्तर,

फोन वाजला तेव्हा मी म्हशीला वैरण टाकत होतो. फोनवर तुझं तोंड उमटलं. अक्षर लावून वाचायला मला वेळ लागतो, म्हणून तुझ्या हाताखाली शिकलेल्या अश्विनीनं मागंच तुझा फोटो त्यात घालून दिला होता. डोक्यावर ती ऊन खाऊन पांढरी पडलेली टोपी, हातात काठी, आणि फोटो काढणाऱ्यावर वैतागल्यासारखं तोंड. रविवार नव्हता, पण माझ्या ध्यानात आलं नाही. मी फोन कानाला लावला आणि नेहमीसारखं तुला बोलूच दिलं नाही.

"न्हाई रं, कुनी मेलं न्हाई अजून. ठेव."

पलीकडनं अश्विनीचा आवाज आला. "आबा, मी बोलतेय. सर गेले. पहाटे."

म्हैस माझ्या हातातली पेंडी ओढत होती आणि मी ती सोडत नव्हतो.

तुझ्या माणसांनी तुझ्यावर एक छोटं पुस्तक काढायचं ठरवलंय. मोठमोठे लोक लिहिणार आहेत त्यात, तू काय शिकलास, कुठं कुठं गेलास. ते त्यांनी लिहावं. अश्विनी मला म्हणाली, तुम्हीपण लिहा. मी म्हटलं, लिहीन, पण चौथीतनं शाळा सोडलेल्याचं आहे म्हणून कुणी सुधारायला बसायचं नाही. मी तुलाच लिहितो. बाकीच्यांनी वाचलं तर वाचलं.

पण आपलं हे फोनवरचं बोलणं त्यांना अभद्र वाटंल, म्हणून पहिल्यापासनं सांगतो.

तू पहिल्यांदा आमच्या पठारावर आलास तेव्हा पवनचक्क्या नव्या होत्या आणि मी त्यांतल्या दोघींची राखण करत होतो. साताऱ्यासनं माणसं भरून वर येणारी वडापची जीप तुला वळणावर टाकून गेली. मी बघतोय तर एक टोपीवाला माणूस माझ्या रानाच्या दगडी बांधाशी वाकलेला. काठीनं दगडावर टकटक करायचा, थांबायचा, मग दगड उचलून बघायचा, आणि होता तसा परत ठेवायचा.

मी वरनंच ओरडलो, "ए पाव्हणं! सोनं न्हाई पुरल्यालं तितं."

"पाल बघतोय," तू म्हणालास.

"कुठनं आला?"

"सांगलीहून."

"पाल बघाय सांगलीसनं आला? सांगलीत घरांना भिंती न्हाईत व्हय?"

तू हसलास. मी हसलो नाही. माझ्या रानात न विचारता शिरला होतास. त्या दिवशी मी तुला जे अरे-तुरे केलं ते शेवटपर्यंत. तू कॉलेजात शिकवलेला माणूस, तुझ्या पाया पडायला तिथं रांग लागायची हे मला पुढं कळलं. कळल्यावर बदललं नाही. माझ्या बांधावर मी थोरला.

"ती टकटक कशापायी?" मी विचारलं.

"कुणाच्या घरात शिरताना दार वाजवू नये?"

तिथं तू मला आवडलास. सांगितलं कधी नाही. आता सांगतो.

दगडाखालनं एक करंगळीएवढी पाल निघाली. तपकिरी, अंगावर ठिपके, गळा हळदीसारखा पिवळा. भर उन्हात फिरणारी. मी लहानपणापासनं बघत आलोय, आणि आमच्याकडं सगळ्यांना माहीत होतं की ही विषारी. मी तुला सांगितलं, "सोड तिला. ही चावली तर मानूस पानी मागत न्हाई." तू मुद्दाम तिच्या तोंडाशी बोट नेलंस. चावली. तू दगडावर बसलास, डोळे मिटलेस आणि म्हणालास, "पाणी दे."

मी धावत जाऊन तांब्या आणला. तू घटाघटा प्यालास, तोंड पुसलंस. "बघ. मागितलं की नाही?"

हौसाला हे सांगितलं तर ती दोन दिवस हसत होती. हौसा म्हणजे माझी बायको, हे त्या पुस्तकवाल्यांसाठी. तिनं तुला त्याच दिवशी जेवायला बसवलं आणि तू कांदा नको म्हणालास, लसूण नको म्हणालास, बटाटा नको म्हणालास. तुम्हा जैनांत जमिनीखालचं खात नाहीत. हौसा म्हणाली, "अवं, जिमिनीखालचं खात न्हाई म्हंतात आन् दिसभर जिमिनीखालचंच उकरत्यात की!" पुढं तू दर खेपेला तिच्यासाठी भडंगाची पिशवी आणायचास, तेच तिला दिलेलं उत्तर असं आम्ही धरलं.

मग तू येतच राहिलास. सांगलीहून कराड, कराडहून सातारा, मग वडाप. दुपारी बांधावर बसायचं आणि तू मला नावं सांगायचास. मला त्याचाच नाद लागला. पाली मी जन्मभर बघितल्या होत्या. त्यांचं बारसं कुणी केलं हे कधी मनात आलं नव्हतं. भिंतीवरच्या घरपालीचं नाव 'निम्म्या बोटाची', कारण तिच्या बोटाखालच्या पट्ट्या मधोमध चिरलेल्या. कुठल्या देशात एका पालीला तिच्या ओरडण्यावरनंच नाव पडलं. घोरपडीचं अरबांकडनं आलं. रंग बदलणारा शॅमेलिऑन म्हणजे 'जमिनीवरचा सिंह'. मी म्हटलं, ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं एक तर शॅमेलिऑन बघितला नसंल, न्हायतर सिंह. आणि कुडावर मान हलवत बसतो त्या लाल डोक्याच्या सरड्याचं नाव 'देखणा'. हे ऐकल्यापासनं हौसा केरसुणी घेऊन त्याच्यामागं धावायची आणि ओरडायची, "अवं, तुमचा देखना आलाय बगा पुन्यांदा!"

आमच्या पठारावर उन्हाळ्यात निळा-काळा-केशरी पंखा गळ्याखाली उघडून नाचतो, त्या सरड्याचं नाव मी विचारलं. तू म्हणालास, "सरडा."

"आरं, शास्त्रातलं सांग."

"तेच शास्त्रातलं. सरडा. मराठीतनं घेतलंय."

मला वाटलं थट्टा करतोस. चहा होईपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. खरं आहे असं तू शपथेवर सांगितलंस तेव्हा मी पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. माझ्या आईच्या तोंडातला शब्द, आणि जर्मनीतला माणूससुद्धा तोच म्हणणार.

"मग बाकीची नावं कुठल्या भाषेतली?"

"बहुतेक जुन्या ग्रीकमधली, लॅटिनमधली. मेलेल्या भाषा."

"मेलेल्या कशाला?"

"जिवंत भाषेतला शब्द उद्या दुसरंच काही म्हणायला लागतो. मेलेला जागचा हलत नाही."

मी म्हटलं, म्हंजी तुमच्यातबी नाव मेलेल्यांकडनंच येतं. तेव्हा मी सहज बोललो होतो.

माझ्या बांधातल्या पिवळ्या गळ्याच्या पालीचं तू सांगितलंस की हिच्या घराण्याचं नाव आहे, 'नडगीची ढाल'. पण हिचं स्वतःचं नाव नाही. हिच्यासारखी दुसरीकडं कुठं कुणाला मिळालेली नाही. "बारसं व्हायचंय," तू म्हणालास. तू तपकिरीची डबी शोधत होतास, तुझं माझ्याकडं लक्ष नव्हतं. मी उठून पवनचक्कीकडं फेरी मारून आलो. कशाला उठलो ते पुढं लिहितो.

नाव द्यायचं तर एक अडचण होती, आणि ती तुझीच होती. नाव नुसतं कागदावर चालत नाही. ते एका देहाला चिकटवावं लागतं. एक पाल कायमची बाटलीत ठेवायची, स्पिरिटमध्ये, की हीच ती. मी म्हटलं, मग घे की एक, दगड उचलला की निघतील. तू मान हलवलीस.

"नोकरीत पोरांपुढं बेडूक कापले, दगडू. सुटलो त्या दिवशी बस्तीत जाऊन देवापुढं नेम घेतला. आता हातानं एकपण जीव घ्यायचा नाही."

"मग मी मारतो."

"तू मारलास तरी कुणासाठी मारलास?"

झालं. त्यावर वाद नाही. मी म्हटलं, मग आपनहून मरंल तवा. तू म्हणालास, तेव्हा. म्हणून दर रविवारी तुझा फोन. रामराम नाही, पाऊसपाणी नाही, पहिला प्रश्न तोच: "काय रं दगडू, कुणी मेलं का?" आणि मी: "न्हाई रं." हौसा कानावर हात ठेवायची. "रैवारचं सकाळच्यापारी काय अभद्र बोलताय वो दोगं!"

आणि एकदा मेलं. गुरांच्या पाण्याच्या डोणीत, पालथं. मी फोन केला. तू मिळेल त्या गाडीनं आलास. मला वाटलं खूश होशील. तू चपला काढल्यास, डोणीशी गुडघे टेकलेस, तुमचा मंत्र पुटपुटलास आणि त्या एवढ्याशा जीवाला म्हणालास, "क्षमा कर." मग त्याला बाटलीत ठेवलंस. नर होता. तू म्हणालास, आता एक मादी मिळाली पाहिजे. म्हणजे फोन चालूच राहिले.

त्याच दिवशी चुलीपाशी चहा पिताना आपलं पेटलं.

"नाव ठरलंय," तू म्हणालास. "तुझं देणार."

"माझं?"

"दगडात राहते, दगडूच्या बांधात राहते. तुझ्या नावाला लॅटिनची शेपटी लावायची. दगडूई."

हौसा तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी हसलो नाही.

"जित्त्या मानसाचं नाव देत न्हाईत," मी म्हटलं. आमच्यात आजा गेला की त्याचं नाव नातवाला. आजा खाटेवर बसलेला असताना नातवाला त्याचं नाव ठेवलं तर त्याचा अर्थ, उठ म्हाताऱ्या, जागा मोकळी कर.

"पाल काय तुझी नात आहे?"

"माझ्या बांधात जन्मलीया. नातच म्हन."

तू शास्त्र सांगत बसलास, लोक हौसेनं आपलं नाव देतात, मान असतो. मग मला सांगावं लागलं. माझ्या आधी दोन भाऊ झाले आणि गेले. म्हणून आईनं माझं नाव दगडू ठेवलं. मरण दारात आलं, नाव विचारलं, तर दगड. दगडाचं काय नेणार? माघारी जाईल. "ह्ये नाव हाक माराय ठेवल्यालं न्हाई, मास्तर. राखनीला ठेवलंय. राखनदार कुनी दुसऱ्याला देतं काय?"

तू हसलास. मग माझ्या तोंडाकडं बघितलंस आणि कप खाली ठेवलास.

"तुझंच दे की," मी म्हटलं. "तू वळखलीस."

"नाव ठेवणारानं स्वतःचंच ठेवायचं? लोक तोंडात शेण घालतील. आमच्यात तशी रीत नाही."

म्हणजे माझ्या रीतीनं माझं नाव चालेना आणि तुझ्या रीतीनं तुझं. दोघं हट्टी. कुणी मागं सरेना. हौसा चुलीपुढनं भाकरी थापता थापता बोलून गेली, "मग दोगांतला जो आदी जाईल त्याचं द्या की! कशाला भांडताय?" आणि तिनंच जीभ चावली.

आपण दोघं खो खो हसलो. तू हात पुढं केलास, मी हातात हात दिला. ठरलं. त्यानंतर तू मुद्दाम विचारायचास, "तब्येत काय म्हणतेय दगडू?" मी म्हणायचो, "ठनठनीत. तुजी?" "मलापण काही घाई नाही."

शेवटचा आलास तेव्हा चढ चढताना दोनदा बसलास. बांधावर बसल्यावर मी उगीच वाद काढला. म्हटलं, हाक मारली तर वळून बघत न्हाई, त्याला नाव कशाला? वाटलं, तू चिडशील, तोंडावर रंग येईल. तू चिडला नाहीस.

"नाव बोलवायला नसतं, दगडू. गेल्यावर कोण गेलं ते सांगायला असतं. ह्या पठारावरनं काय काय संपून गेलं असेल. कुणी रडलं नाही. काय म्हणून रडणार?"

मी उठलो आणि म्हशीकडं गेलो. तुला वाटलं असणार म्हातारा हरला म्हणून पळाला. तो वाद तसाच राहिला.

अश्विनीचा फोन आला त्या दिवशी मी सांगलीला पोहोचेपर्यंत नदीवरचं सगळं उरकलं होतं. तुमच्यात थांबत नाहीत. घरात माणसं भरलेली, सगळी शिकलेली, हळू बोलणारी. अश्विनी मला तुझ्या खोलीत घेऊन गेली. ही कुंडलची पोर, तुझ्या हाताखाली शिकली आणि आता स्वतः कॉलेजात शिकवते. ह्या पालीवरचा तुझा लेख तिनंच तुझ्याबरोबर बसून लिहिला. टेबलावर बाटली होती. आत आपला डोणीतला. पायाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर नुसता आकडा.

तेवढ्यात ट्यूबलाईटच्या मागनं पाल चुकचुकली. खोलीतल्या सगळ्या शिकल्यासवरलेल्या लोकांची बोटं आपोआप टेबलावर, दारावर, खुर्चीवर टकटकली. आपल्याकडं सवयच असते तशी. मी वाजवलं नाही. ती टकटक मला तुझ्या काठीसारखी लागली. मी वर बघितलं आणि माझ्या तोंडातनं "काय रं?" एवढं निघून गेलं. लोक माझ्याकडं बघायला लागले.

अश्विनीनं मला खुर्चीवर बसवलं. "आबा, सर दवाखान्यात मला म्हणाले, म्हाताऱ्याचंच नाव दे. पण तो हो म्हणाला तर. जबरदस्ती करू नको."

"त्यो आधी गेलाय," मी म्हटलं. "हातात हात दिला हुता त्यानं. त्याचं नाव द्यायचं."

ती खाली बसली माझ्यापुढं. पोर शहाणी आहे, मला लहान मुलासारखं समजावलं नाही. म्हणाली, सरांचं नाव पालीला द्यायचं तर नाव ठेवणारा म्हणून सरांचं नाव काढावं लागेल. दोन्हीकडं ते बरं दिसत नाही. "ओळखली त्यांनी, आबा. एवढी वर्षं थांबले, एकही मारली नाही. आणि लेख निघेल तो माझ्या एकटीच्या नावानं?"

"आन् माझं दिलं तर?"

"तर आधी घराण्याचं नाव, मग तुमचं, आणि त्याच्या पुढं ज्यांनी नाव ठेवलं त्यांचं. सरांचं आणि माझं. जगात कुणी ह्या पालीबद्दल नीट लिहिलं की तशी ओळ लिहायची. दगडूई, मग पाटील म्हणजे सर, मग मी."

"कायम?"

"कायम."

"मादी तर मिळाली न्हाई अजून."

"एका नरावर भागेल. बाकीच्यांच्या शेपटीचे बारीक तुकडे सरांनी तपासायला घेऊन ठेवलेत, सोडताना."

मी म्हटलं, इचार करून सांगतो. सोयरीक आल्यासारखं. आणि गाडी धरली.

मास्तर, आता जे लिहितो ते तुला पटणार नाही. तू भूतखेत मानत नव्हतास. मीपण कधी फार मानलं नाही. पण घरी आल्यापासनं बांधावर टकटक ऐकू येते. भर दुपारी. वारा असला की पवनचक्कीचं पातं कुरकुरतं, तो आवाज मला ठाऊक आहे. इतकी वर्षं त्याच्याखाली बसलोय. हा तो नव्हे. काठीचा आहे. वाजतो, थांबतो, आणि तू आतल्याला सरकायला जेवढा वेळ द्यायचास तेवढाच वेळ जातो. मग दगड उचलल्याचा आवाज यायला पाहिजे, तो येत नाही.

मला वाटलं माझेच कान. म्हणून हौसाला काही बोललो नाही. परवा दिवशी मी ओसरीवर बसलो होतो आणि आतनं तिनं तीन कप आणले. एक मला, एक तिला. तिसरा हातात धरून ती बांधाकडं बघत उभी राहिली.

"मास्तर आल्यात न्हवं?" ती म्हणाली. आणि मग तिला आठवलं. कप परत आत नेला नाही तिनं. जाऊन बांधावर ठेवून आली. तुझा तो बिनआल्याचा चहा.

मी कपाकडं बघत बसलो. पातं फिरत होतं, त्याची सावली बांधावरनं जायची, यायची. कपाशेजारच्या फटीतनं पिवळा गळा बाहेर आला. तूच सांगितलं होतंस, हिला पापणी नसते, ही डोळा मिटू शकत नाही, जिभेनं पुसते. ती माझ्याकडं बघत राहिली. मी नजर काढली, पुन्हा बघितलं, ती तिथंच. मला त्या न मिटणाऱ्या डोळ्याची भीती वाटली. ह्या वयात, माझ्याच रानात.

तुला एक सांगायचं राहिलंय.

बांधाच्या उगवतीच्या टोकाला जे दोन मोठे धोंडे आहेत, ज्यांच्याखाली तुला पहिल्यांदा पाल मिळाली, ते माझ्या बापानं ठेवलेत. माझे दोन्ही भाऊ तिथं आहेत. दोघंही बारशाच्या आधी गेले. नाव पडलंच नाही. आई पितरांना जेवू घालायची तेव्हा एकेकाचं नाव घेऊन घास ठेवायची, सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं. शेवटाला दोन घास हातात उरायचे. ते ठेवताना ती म्हणायची, "आन् तुमी." एवढंच. मला लहानपणी कळायचं नाही ती कुणाशी बोलते.

पवनचक्कीवाल्यांना तिथनं रस्ता काढायचा होता तेव्हा मी बांधावर आडवा पडलो. तू लोकांपुढं माझी तारीफ केलीस, हा माणूस पालींसाठी भांडला म्हणून. पालींसाठी कुठला रं. पण मी काही बोललो नाही, आणि पालीपण वाचल्या.

बारसं व्हायचंय म्हणालास तेव्हा मी पवनचक्कीकडं गेलो, आणि काय म्हणून रडणार म्हणालास तेव्हा म्हशीकडं, ते ह्यासाठी. हरलो म्हणून नव्हे. मी अजूनही म्हणतो की जित्त्याचं नाव देऊ नये. रीत ती रीत. पण तिन्हीसांजेपर्यंत त्या कपापाशी बसलो आणि मला असं दिसलं की राखणदार म्हणून ठेवलेलं नाव माझ्यापाशी पडून आहे. मरण किती वेळा दारात येऊन गेलं असेल, मला माहीत नाही. ते नाव त्यानं ऐकलं आणि गेलं. माझं राखायचं तेवढं राखून झालं. त्या धोंड्यांखाली राहणाऱ्यांना राखण कुणाची? उद्या रस्तेवाले पुन्हा येतील. मी आडवा पडायला नसेन. तेव्हा कुणी तरी कागद दाखवला पाहिजे, की इथं राहतात त्यांना नाव आहे.

मी अश्विनीला फोन केला. "लिही," म्हटलं. पोर फोनवर रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको, छापायच्या आधी मला आडनावाचं पक्कं सांग. सांगलीत दगड भिरकावला तर पाटलालाच लागतो, ह्यातला आपला पाटील कुठला हे लोकांना कसं कळणार? ती रडता रडता हसली. म्हणाली, "दगडूच्या शेजारी उभा असेल तो आपला."

हौसाला सांगितलं तर तिनं नवाच घोळ काढला. "आसं कसं? बारसं करा की. नाव कानात सांगाय लागतं. आन् त्ये आत्या सांगती, तुमी न्हवं."

"आत्या कुठनं आनू? माझी बहीण जाऊन वर्षं झाली."

"मी हाय की."

मास्तर, हौसा ह्या घरात आली तेव्हापासनं तिनं माझं नाव तोंडातनं काढलेलं नाही. सरकारी माणूस नाव विचारायला आला तर शेजारणीला पुढं करायची. दळणाच्या डब्यावर नाव सांगायचं तर थोरल्या पोराचं सांगायची. एकदा तू तिला चिडवलंस, "वहिनी, उद्या परदेशातल्या बायका तुमच्या मालकांचं नाव घेतील, तुम्हीच तेवढ्या राहणार." ती म्हणाली, "घेऊ द्यात. त्यास्नी कुठं नांदायचंय ह्यांच्यासंगं."

काल सकाळी ऊन तापल्यावर आम्ही दोघं बांधावर गेलो. ती हळदीकुंकू घेऊन आली होती. मी तुझी रीत पाळली. आधी टकटक केलं, थांबलो. फटीत पिवळा गळा दिसला. हौसा गुडघ्यावर हात ठेवून वाकली, वाकवत नाही तिला आता, तोंड फटीपाशी नेलं आणि बाळाच्या कानात करतात तसं कुर्र केलं. आणि मग नाव सांगितलं.

मला ऐकू आलं नाही. मी हाताच्या अंतरावर उभा होतो, पण त्याच वेळी वारा आला आणि पातं कुरकुरलं. जन्मात एकदा तिनं माझं नाव घेतलं आणि ते त्या पालीनं ऐकलं.

पाल पळाली नाही. हौसानं धोंड्यावर हलक्या हातानं थोपटलं, जसं बाळाच्या पाठीवर थोपटतात. दुसऱ्या धोंड्यावर पण थोपटलं. तिला मी सांगितलेलं नव्हतं. आईनं कधी सांगितलं असेल, बायका बायकांना सांगतात.

"काय म्हनलीस?" मी विचारलं.

"तुमास्नी कशाला? ज्याला सांगायचं त्याला सांगितलं." आणि पदर खोचून ती घराकडं गेली.

मी मागं राहिलो. धोंड्यांना म्हटलं, "आन् तुमी." दुसरं काही येत नव्हतं.

तर मास्तर, हातात हात देऊन दिलेला शब्द मी मोडला. आयुष्यात पहिल्यांदा. तू जिंकलास असं समजू नको, मी माझ्या मर्जीनं दिलंय. आता ओळीत मी पुढं आणि तू माझ्यामागं. बांधावर चालायचास तसाच. मागनं ये, माझ्या पावलावर पाऊल टाक, मधे खड्डे आहेत.

टकटक कालपासनं ऐकू आलेली नाही. हौसा म्हणते बरं झालं. मला तसं वाटत नाही. मी दुपारचा कप बांधावर ठेवतोच आहे.

माझ्यापाशी आता राखणीचं नाव नाही. मरण आलं आणि विचारलं, तर काय सांगायचं ते ठरवलेलं नाही. बघू. उद्या रविवार आहे. फोन येणार नाही हे मला कळतं, पण सवयीनं मी म्हशीपाशी उभा राहणार. तू विचारायच्या आधीच सांगून ठेवतो.

न्हाई रं. कुनी मेलं न्हाई अजून. ठेव.